ओल्या भिंतीचा दावा

घरात पाण्याने झालेल्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी देईल का, हे घरात किती पाणी आले यापेक्षा ते कुठून आले आणि किती वेळात आले यावर ठरते. गच्चीवरची टाकी रात्री फुटली, छतातून धार लागली, गादी, कपाट आणि टीव्ही भिजला, तर दावा उभा राहतो. तीच भिंत चार पावसाळे ओल धरत गेली, प्लॅस्टरचे पापुद्रे सुटले, कपाटामागे बुरशी वाढली, तर खर्च कदाचित जास्त येतो, पण दावा बहुधा फेटाळला जातो. विमा घटनेचा उतरवलेला असतो, झिजेचा नव्हे. घरविम्यातले बहुतेक तंटे या सीमारेषेवर होतात, आणि ती रेषा कुठे ओढली जाणार हे पहिल्या दोन-चार दिवसांतल्या पुराव्यावर अवलंबून असते. घरमालकाला हे कोणी आधी सांगत नाही, आणि त्यातच त्याचे सर्वांत मोठे नुकसान होते.

भिलाईच्या सेक्टर १० सारख्या वसाहतीत या प्रश्नाला आणखी एक गुंता आहे, तो घराच्या मालकीचा. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातली ही वसाहत भिलाई इस्पात संयंत्राच्या टाउनशिपचा भाग आहे. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी, पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, आणि कारखान्याबरोबर कामगारांचे सेक्टर उभे राहत गेले. दुर्ग जिल्हा आणि विदर्भ १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती, आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्ग नागपूरवरूनच भिलाईला जातो. त्यामुळे विदर्भातली अनेक मराठी कुटुंबे या नोकरीच्या गावात स्थिरावली. ती ज्या क्वार्टरमध्ये राहिली त्यांतली पुष्कळ आता साठीच्या घरात आहेत. त्या काळच्या बांधकामात पाण्याची वाहिनी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची असे. हा पाइप आतून गंजतो, भिंतीत चिणलेला असल्याने दिसत नाही, आणि एक दिवस सांध्याशी फुटतो.

अशा क्वार्टरमध्ये राहणारी माणसे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. कोणी नोकरीत आहे आणि घर पोलाद कंपनीने दिले आहे. कोणी निवृत्त झाल्यावर लायसन्सवर त्याच घरात राहतो. कोणी कंपनीकडून घर दीर्घ मुदतीच्या लीजवर घेतले आहे. विम्याचा जुना नियम असा की ज्या वस्तूचे नुकसान झाल्यास माणसाला स्वतःला पैशाची झळ बसते, तिचाच विमा त्याला उतरवता येतो. पहिल्या दोन प्रकारांत भिंती, छत आणि पाइप कंपनीचे असतात. राहणाऱ्याचे असते ते आतले सामान. त्याने इमारतीचा विमा काढू नये, सामानाचा मात्र अवश्य काढावा. लीजधारकाची स्थिती वेगळी आहे. दुरुस्तीची जबाबदारी लीजच्या कराराने त्याच्यावर टाकली असेल, तर भिंतीतही त्याचा हितसंबंध तयार होतो. लीजधारकाने प्रस्ताव भरताना 'मालक' या रकान्यात सरसकट होय लिहिले, तर नेमक्या दाव्याच्या वेळी ते अंगाशी येते. लीजची प्रत प्रस्तावाला जोडून, आपण लीजधारक आहोत असे स्पष्ट लिहिणे हा सरळ मार्ग आहे. पुण्या-मुंबईत लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या भाडेकरूलाही हेच लागू आहे. घरमालकाचा विमा भाडेकरूच्या फ्रिजचे पैसे देत नाही.

गृहकर्ज घेतलेल्यांची एक वेगळीच फसगत होते. बँकेने कर्जाबरोबर जी पॉलिसी काढून दिलेली असते ती बहुधा इमारतीची असते, कित्येकदा कर्जाच्या रकमेइतकीच असते, आणि दाव्याची रक्कम प्रथम बँकेकडे जाते. आपला घरविमा आहे अशा समजुतीत राहिलेल्या कुटुंबाला सामान भिजल्यावर कळते की त्याच्या नावे त्यात काहीच नव्हते.

भारतात घरविम्याचे आजचे स्वरूप १ एप्रिल २०२१ पासूनचे आहे. त्या दिवसापासून विमा नियामक प्राधिकरणाने सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या शब्दांची पॉलिसी देणे बंधनकारक केले. त्यापूर्वी घरांनाही 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' ही कारखाने-गोदामांच्या धाटणीची पॉलिसी मिळे. नव्या पॉलिसीत आग, वीज, भूकंप यांबरोबर वादळ, पूर आणि जलमय होणे हे धोके आहेत. पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि पाइप फुटणे किंवा ओसंडणे हा स्वतंत्र धोका आहे. जमीन खचणे आणि दरड कोसळणेही त्यात येते, आणि यांपैकी कोणत्याही घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीसुद्धा. इमारतीचा विमा घेतला की सामानाला आपोआप संरक्षण मिळते, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत. सामान त्याहून मोलाचे असेल तर तपशील देऊन रक्कम वाढवता येते. केवळ सामानाचाही विमा घेता येतो, आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला तोच उपयोगी आहे. दागिने आणि मौल्यवान कलावस्तू यांचे संरक्षण मात्र वेगळे मागून घ्यावे लागते.

इमारतीची विमा रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरायची नसते. चटई क्षेत्र गुणिले त्या भागातला बांधकामाचा दर, एवढाच हिशेब आहे. जमिनीसह बाजारभाव लावला तर हप्ता वाढतो, भरपाई वाढत नाही. जुन्या पॉलिसीत उलट चूक जास्त महाग पडे. समजा, पुन्हा बांधायला ३० लाख लागतील असे घर १५ लाखांना विमित आहे आणि नुकसान २ लाखांचे झाले. अपुऱ्या विम्याच्या नियमाने कंपनी निम्मे, म्हणजे १ लाख रुपये देई. २ लाख ही रक्कम १५ लाखांच्या आत आहे, हा युक्तिवाद चालत नसे. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात पूर्ण माफ आहे. हे माहीत नसल्याने आजही कोणी त्या नावाने कपात सोसत असेल, तर ती कपात लेखी हरकत घेऊन परत मागण्याजोगी आहे.

आता पाणी घरात येण्याच्या वाटा पाहू, कारण सगळा निकाल त्यांवर आहे.

पाइप, टाकी किंवा गिझर फुटणे हा सर्वांत स्पष्ट दावा. बॉलकॉक अडकला, टाकी रात्रभर ओसंडली आणि पाणी जिन्यातून खाली उतरले, तर तेही यातच मोडते. येथे पाण्याने बिघडलेल्या वस्तूंचे पैसे मिळतात. गंजून फुटलेला पाइप बदलण्याचा खर्च सामान्यतः मिळत नाही, कारण पाइप झिजेने गेला. भिंत फोडून पाइप शोधण्याचा खर्च हा वादाचा भाग आहे, म्हणून प्लंबरने पाइप शोधण्याचे, पाइप बदलण्याचे आणि भिंत पूर्ववत करण्याचे बिल वेगवेगळे द्यावे. एकाच ठोक रकमेचे बिल नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या हाती कात्री देते.

गच्चीचा कोबा तडकून झिरपणारा पाऊस, नहाणीच्या सांध्यातून वरच्या घरातून येणारी ओल, खिडकीच्या चौकटीतून येणारे पाणी हे सगळे झिरपणे समजले जाते आणि बहुधा नाकारले जाते. अपवाद तेव्हा होतो जेव्हा आधी वादळाने पत्रे उडाले, झाड छतावर पडले किंवा नळी तुटली आणि त्यामुळे पाणी आत आले. म्हणजे पावसाआधीची घटना दाखवावी लागते. उडालेला पत्रा कचऱ्यात टाकण्याआधी त्याचे छायाचित्र काढणे म्हणूनच मोलाचे आहे.

दुर्ग-भिलाईच्या मैदानात कन्हार नावाची काळी चिकणमाती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरच्या भिंतींना तिरक्या भेगा पडतात. विदर्भातल्या काळ्या मातीचाही हाच स्वभाव. जमीन खचण्याचे संरक्षण पॉलिसीत असले तरी बांधकामाच्या नेहमीच्या भेगा आणि नव्या इमारतीचे बसणे त्यातून वगळलेले आहे. पण मातीच्या या हालचालीने जमिनीखालचा पाइप अचानक तुटला आणि घरात पाणी आले, तर दावा भेगेचा न करता पाइप फुटण्याचा करावा. दाव्याच्या अर्जावर कारण लिहिताना 'घरात ओल आली' असे लिहिणारा माणूस स्वतःच्या दाव्याविरुद्ध लिहीत असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, काय फुटले किंवा कुठून पाणी आले, ते खरे आणि नेमके लिहावे.

विजेच्या उपकरणांचाही मुद्दा आहे. आतल्या शॉर्टसर्किटने उपकरण जळाले तर अग्निविम्याच्या धर्तीच्या पॉलिसीत ते सामान्यतः वगळलेले असते. पाणी बाहेरून आले, उपकरण बुडाले आणि त्यामुळे बिघडले, तर कारण पाणी आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या अहवालात 'शॉर्टसर्किट' एवढाच शब्द आला की कंपनीचे काम सोपे होते, म्हणून मदरबोर्डवर पाणी गेल्याचे त्याने नमूद केले पाहिजे, अर्थात तसे असेल तरच.

उरला पूर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवले. भिलाईहून सर्वांत जवळचा मोठा मराठी दाखला नागपूरचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटसारख्या सुस्थित वस्त्यांत शिरले. गावात महापूर येत नाही अशा समजुतीने जगणाऱ्या घरांच्या तळमजल्यावर पलंगाच्या उंचीपर्यंत पाणी चढले. राज्य सरकारने नुकसानग्रस्त कुटुंबाला १० हजार रुपयांची मदत जाहीर केली. एका भिजलेल्या फ्रिजच्या किमतीला ती पुरत नाही, आणि तसा तिचा हेतूही नसतो. आपत्ती निधीचे निकष पाहिले की फरक कळतो: अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला, आणि तीही किमान १५ टक्के असेल तर, ६,५०० रुपये. ही सरकारी मदत आहे, तर विमा हा पैसे देऊन घेतलेला करार आहे. एक घेतल्याने दुसऱ्यावरचा हक्क जात नाही. उलट मदतीसाठी झालेला पंचनामा विम्याच्या दाव्याला बळ देतो. महाराष्ट्रात तो तलाठी करतो. छत्तीसगडमध्ये पटवारी, महसूल पुस्तक परिपत्रक ६-४ च्या आधारे. पंचनाम्यात पाण्याची उंची, तारीख आणि वस्तूंची नोंद आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे आणि प्रत मागून घ्यावी.

नदी लांब असलेल्या वस्तीत कंपनी एक ठरावीक हरकत घेते: हा पूर नव्हे, साचलेला पाऊस आहे. या हरकतीला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध जे. के. सिमेंट वर्क्स या खटल्यात उत्तर दिले आहे. जोरदार पावसाने कारखान्याच्या आवारातला कोळसा वाहून गेला होता आणि विमा कंपनीचे म्हणणे होते की पॉलिसीत पूर आहे, पाऊस नाही. न्यायालयाने ते मानले नाही. नदीने पात्र सोडले तरच पूर, असा आकुंचित अर्थ लावता येत नाही, पावसाचे पाणी साचून जमीन बुडणे हेही पॉलिसीतल्या 'पूर आणि जलमय होणे' या शब्दांत येते, असा निकाल झाला. घर नाल्याकाठी नसलेल्या, पण गटार तुंबून अंगण आणि खोल्या पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुरावा गोळा करण्याचा वेळ घर आवरण्याच्या वेळेशी टक्कर घेतो. पाणी ओसरल्यावर माणूस आधी चिखल काढतो, गाद्या बाहेर फेकतो, भिंती धुतो. ते साहजिक आहे आणि पॉलिसीही नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घ्यायला सांगते. म्हणून मेन स्विच बंद करून, आवरायला हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करावे. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुटलेला सांधा, उपकरणाच्या मागच्या बाजूचा क्रमांक हे त्यात यावे. फुटलेल्या पाइपचा तुकडा जपून ठेवावा. तुटल्याची ताजी कड आणि जुना गंज यांतला फरक त्यावर दिसतो, आणि 'हळूहळू झालेली गळती' या आरोपाला तोच तुकडा उत्तर देतो. भिजलेली वस्तू सर्व्हेअर येण्याआधी भंगारवाल्याला देऊ नये. ठेवणे अशक्यच असेल तर कंपनीला लेखी कळवून, छायाचित्र काढून मग टाकावी. चिपळूणमध्ये बिलेही वाहून गेली, हा धडा सर्वांसाठी आहे: बिलांची आणि घरातल्या सामानाची छायाचित्रे पावसाळ्याआधी दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे पाठवून ठेवायला काही खर्च येत नाही.

कंपनीला कळवणे त्याच दिवशी व्हावे, फोनवर आणि ई-मेलने, आणि दाव्याचा क्रमांक टिपून ठेवावा. जुन्या फायर पॉलिसीत लेखी दावा १५ दिवसांत देण्याची अट होती. उशीर झालाच तर सगळे संपले असे नाही. २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात नियामकाने कंपन्यांना बजावले आहे की खरा दावा केवळ उशिराच्या तांत्रिक कारणाने फेटाळू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या वाहनचोरीच्या खटल्यात हीच भूमिका घेतली. उशिराचे कारण मात्र लिहून द्यावे लागते: रस्ता बंद होता, फोन बंद होता, घरात आजारी माणूस होते.

टाउनशिपमध्ये राहणाऱ्यांच्या हाती आणखी एक साधन आहे, आणि त्याचा वापर फार कमी होतो. क्वार्टरचा पाइप फुटला की पोलाद कंपनीच्या नगर सेवा विभागाकडे तक्रार नोंदवली जाते, कर्मचारी येतो, दुरुस्ती करतो, वहीत नोंद होते. विमा कंपनीच्या दृष्टीने हा तटस्थ कागद आहे. संयंत्र चालवणारी स्टील अथॉरिटी ही सरकारी कंपनी असल्याने माहिती अधिकार कायदा, २००५ तिला लागू आहे. १० रुपये भरून आपल्या घराच्या तक्रारीची आणि दुरुस्तीची नोंद मागता येते, आणि ती ३० दिवसांत द्यायची असते. त्याच मार्गाने हवामान खात्याकडून पावसाची नोंद मिळते. खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार' पाऊस धरतात. या शब्दांत दिलेला कागद वर्तमानपत्राच्या कात्रणापेक्षा जड असतो. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी विमा कंपन्याही याच कायद्याखाली येतात, म्हणजे आपल्याच दाव्याच्या फाइलीतली टिपणे मागता येतात. खासगी कंपनीच्या ग्राहकाला ही सोय नाही.

यानंतर येतो सर्व्हेअर. मोठ्या रकमेच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअर नेमणे कायद्याने आवश्यक आहे. त्याची फी विमा कंपनी देते, पण कायद्याच्या दृष्टीने तो तटस्थ मूल्यमापक आहे. नियामकाच्या २०२४ च्या मुख्य परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि कंपनीने अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. २०१७ च्या नियमांत हेच टप्पे ७२ तास, ३० दिवस आणि ३० दिवस होते. उशीर झाल्यास बँक दराच्या वर २ टक्के व्याज द्यावे लागते. हे व्याज बहुतेक कुटुंबे मागतच नाहीत.

सर्व्हेअर घरी येईल तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाने हजर राहावे आणि वस्तूंची यादी आधीच तयार ठेवावी: वस्तू, खरेदीचे साधारण वर्ष, तेव्हाची किंमत, आजची किंमत, काय बिघडले, दुरुस्त होईल का. यादीच्या एका प्रतीवर त्याची पोच घ्यावी. त्याने तोंडी मागितलेले कागद ई-मेलने मागायला सांगावे आणि ई-मेलनेच द्यावेत. 'कागद दिले नाहीत' या सबबीवर पुष्कळ दावे वर्षानुवर्षे बंद होत आले. आता कागदांच्या अभावी दावा नाकारू नये असे नियामकाचे स्पष्ट आदेश आहेत, तरी पोच असलेली बरी. अहवालाची प्रत मागण्याचा दावेदाराला हक्क आहे आणि तो बजावल्याशिवाय लढत सुरूच होत नाही, कारण कपात कुठे झाली ते अहवालातच असते.

कपातीचे प्रकार ठरलेले आहेत. पहिला घसारा. समजा, ४० हजारांचे कपाट आठ वर्षांचे आहे आणि दरवर्षी १० टक्के घसारा धरला, तर हाती ८ हजार येतात. भारत गृह रक्षा पॉलिसीत सामानाची भरपाई दुरुस्तीच्या खर्चाने किंवा तशाच वस्तूच्या बदलीच्या खर्चाने करायची असते, म्हणून जुन्या सवयीने लावलेला घसारा तेथे तपासून पाहावा. दुसरा भंगारमूल्य: भिजलेल्या वस्तूची जी किंमत येईल ती वजा होते. पाण्याने फुगलेल्या प्लायवूडला कोणी काही देत नाही, तरी अहवालात आकडा लिहिलेला असू शकतो. दावेदाराने म्हणावे, त्या किमतीला वस्तू कंपनीने उचलून न्यावी. तिसरा दर. सर्व्हेअर सरकारी दरसूचीतला दर लावतो, गवंडी बाजाराचा दर घेतो. दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांची लेखी अंदाजपत्रके असतील तर हा वाद बराच मिटतो. चौथा, जो वर आला, अपुऱ्या विम्याचा. याउलट काही रकमा मागायच्या राहून जातात. भारत गृह रक्षा पॉलिसीत मलबा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, वास्तुविशारद आणि अभियंत्याच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत तरतूद आहे, आणि इमारतीचा विमा असून घर राहण्याजोगे नसेल तर पर्यायी घराच्या भाड्याचीही.

सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अहवाल महत्त्वाचा आहे, तरी तो अंतिम किंवा बंधनकारक नाही. पुराव्याने तो खोडता येतो. त्याच वर्षी श्री वेंकटेश्वरा सिंडिकेट खटल्यात कंपनीलाही मर्यादा घातली गेली: आवडता आकडा मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत. आणि २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालाप्रमाणे नकाराच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला पुढे न्यायालयात काढता येत नाही. म्हणून नकार तोंडी स्वीकारू नये. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला ते लेखी मागावे.

कमी रक्कम मंजूर झाली की कंपनी 'पूर्ण आणि अंतिम' असे लिहिलेल्या पावतीवर सही मागते. घर पडीक असते, मुलांच्या शाळा सुरू असतात, पैशाची गरज असते. माणूस सही करतो आणि पुढे बोलायचा हक्क गेला असे समजतो. युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन मिल्स या १९९९ च्या निकालाने हा समज खोडला आहे. सही दबावाखाली, फसवणुकीने किंवा दिशाभूल करून घेतली असल्याचे दाखवता आले तर उरलेली रक्कम मागता येते. सप्टेंबर २०१५ मध्ये नियामकानेही परिपत्रक काढले की अशा पावतीने दावेदाराचा पुढे दाद मागण्याचा हक्क संपत नाही. तरी नंतर दबाव सिद्ध करत बसण्यापेक्षा सही करतानाच 'हरकत कायम ठेवून स्वीकारले' असे लिहिणे आणि त्याच दिवशी ई-मेलने कारणे कळवणे शहाणपणाचे.

वरच्या मजल्यावरच्या घराच्या निष्काळजीपणाने पाणी आले असेल तर विमा कंपनी भरपाई दिल्यावर त्या घरमालकाकडून वसुली करू शकते. त्यासाठी दावेदाराचे हक्क तिच्याकडे येतात. म्हणून भांडण मिटवण्याच्या भरात शेजाऱ्याला 'माझे काही म्हणणे नाही' असे लिहून देणे दाव्याला धोका ठरते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत गच्ची, बाहेरची भिंत आणि मुख्य वाहिनी यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते आणि घरातल्या नळ-नहाणीची सदस्याने. दावा कोणाच्या पॉलिसीवर करायचा हे ठरवायला ही विभागणी उपयोगी पडते.

कंपनीशी मतभेद मिटत नसेल तर पहिली पायरी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. छत्तीसगडसाठी लोकपालाचे कार्यालय भोपाळला आहे. महाराष्ट्रासाठी मुंबई आणि पुणे ही जुनी केंद्रे. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तेथे चालते, फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, म्हणजे सेक्टर १० मधल्या निवृत्त माणसाला भोपाळची गाडी पकडावी लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, आणि तोच वाद न्यायालयात असेल तर लोकपाल तो घेत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तिने तो ३० दिवसांत पाळला नाही तर तक्रारदाराला दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पाणी-दाव्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि जलद मार्ग देशात नाही.

तेथे समाधान झाले नाही तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक मोठी सोय केली आहे: कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा चेन्नईत, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. भिलाईकराला ती दुर्गच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा दाव्यावर ठरत नाही, भरलेल्या मोबदल्यावर ठरते, म्हणजे विम्यात हप्त्यावर. ती ५० लाख आहे आणि घरविम्याचा हप्ता तिच्या जवळपासही जात नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. तक्रारीत भरपाईची रक्कम, तिच्यावरचे व्याज, मानसिक त्रास आणि खर्च हे वेगवेगळे मागावे लागतात. जिल्हा आयोगाच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे, छत्तीसगडमध्ये रायपूरला, अपील होते. आणि अपील विमा कंपनीचे असेल तर जिल्हा आयोगाने ठरवलेल्या रकमेपैकी निम्मी आधी जमा केल्याशिवाय ते ऐकले जात नाही.